खोकल्याने हृदयविकाराचा झटका थांबतो का?

‘एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला, तर जोरजोरात खोकत राहा,’ असे सांगणारा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. हा सल्ला जुनाच. १९९९ मध्ये तो ई-मेलवर फिरत होता.

त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकला. कॅथलॅबमध्ये तपासणी सुरू असताना ठोक्यांची लय अचानक बिघडली, तर डॉक्टर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला खोकायला सांगतात. छातीतला दाब वाढून काही सेकंद मेंदूला रक्त मिळते. तिथे शॉक देण्याचे यंत्र शेजारीच असते.

घरी येणाऱ्या झटक्यात बहुधा गुठळीने हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली असते. ती खोकल्याने उघडत नाही; फक्त मोलाचा वेळ जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशनही सर्वसामान्यांना हा उपाय सुचवत नाही.

छातीत दडपण, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ जाणवली, तर लगेच १०८ ला फोन करावा. शेजाऱ्यांना हाक मारावी, दाराची कडी काढून शांत बसावे. स्वतः गाडी चालवू नये. रुग्ण बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर जवळच्याने छाती दाबायला सुरुवात करावी.

तो व्हिडिओ पुढे पाठवण्यापेक्षा १०८ हा क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असलेला बरा.