कॉन्सर्टची रात्र : ठोका छातीत, शिट्टी कानात, आवाजाचे हे गणित नेमके काय?

डिसेंबर जवळ आला की इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांचे डोळे तिकिटांकडे लागतात. पुणे-सातारा महामार्गावरच्या वरवे बुद्रुकसारख्या गावातल्या तरुणाला त्यासाठी गोवाच गाठावा लागतो असेही राहिलेले नाही. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळच्या केसनंदला आणि २०१७ मध्ये बावधनला झाला. रात्रभर नाचून घरी आल्यावर मात्र अनेकांच्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते. असे का होते आणि ते किती गंभीर आहे? समजून घेऊ.

ठोका छातीत का बसतो?

हाऊस प्रकारच्या संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. हे ठोके वाजवणारे सबवूफर बहुतेक वेळा मंचासमोर जमिनीवरच मांडलेले असतात. त्यातून निघणारा खर्जाचा आवाज कानाला ऐकू येतो, तसाच अंगालाही जाणवतो. डीजे मध्येच हा खर्ज काढून घेतो, ताण वाढवत नेतो आणि एका क्षणी सगळे एकदम परत सोडतो. यालाच ‘ड्रॉप’ म्हणतात. त्या क्षणी हजारो माणसे एकदम उडी मारतात. मिरवणुकीत ढोल-ताशाचा ठेका थांबून पुन्हा उसळतो, तेव्हा आपलेही पाय असेच उचलले जातात.

हे संगीत परकेच आहे का?

पूर्णपणे नाही. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर रागांची धून डिस्कोच्या ठेक्यावर बसवली. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती तबकडी. शिकागोत त्याच टीबी-३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाऊस’ घडले ते १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. सिंग यांची तबकडी तेव्हा कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरातले चाहते चकित झाले.

कान किती सहन करतो?

आपल्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो. पण पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कार्यक्रमात शांत बसायला जागा हवी आणि कानात घालायचे बोळे मिळायला हवेत, असेही तिने सांगितले.

उपाय अवघड नाही. मोकळ्या मैदानात एका स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या टांगत्या स्पीकरांच्या रांगेत तो थोडा सावकाश उतरतो, पण उतरतो. त्यामुळे अगदी स्पीकरला चिकटून उभे राहू नका. मऊ इअरप्लग खिशात ठेवा. ते नीट बसवले तर ठेका जात नाही, फक्त धार कमी होते. तासाभराने दहा मिनिटे मागे जाऊन कानाला विश्रांती द्या.

दहा वाजता आवाज का थांबतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकते. गणेशोत्सवातले काही दिवस आणि ३१ डिसेंबर यांचा त्यात सहसा समावेश असतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हा नियम जत्रेतल्या डीजेलाही तितकाच लागू आहे.

चाहत्याला ही बंदी जाचक वाटते. पण हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. खर्ज तर भिंतीतूनही आत शिरतो. मैदानापासून लांबच्या घरात गाणे ऐकू येत नाही, नुसती धडधड येते. त्या घरात आजारी म्हातारे माणूस असू शकते, तान्हे बाळ असू शकते.

परतीचा रस्ता

खरा धोका इथे आहे. मोठ्या आवाजानंतर काही तास कान बधिर राहतो. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही दबका वाटतो. त्यात जागरण. नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर या रस्त्यावर रात्रीही अवजड वाहने चालूच असतात. दुचाकीवर तिघे आणि कानात इअरफोन असे तर अजिबात नको. चौघे मिळून गाडी ठरवा, न पिणारा चालक आधीच ठरवा, नाहीतर पुण्यात नातेवाइकाकडे मुक्काम करून उजाडल्यावर निघा. घरी तसे सांगून ठेवा, म्हणजे आईही झोपेल.

शिट्टी थांबत नसेल तर?

बहुतेक वेळा ती एक-दोन दिवसांत जाते. तोवर इअरफोन बाजूला ठेवा. ती त्यापुढेही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी जा. अशा बहिरेपणावर सुरुवातीच्या दिवसांत उपचार झाले तरच ऐकू येणे परतण्याची शक्यता जास्त असते. तेल किंवा कोमट पाणी कानात घालून वाट पाहू नका.