जुनी बुलेट थंडीत लागत नाही? इंजिन खोलण्याआधी कार्बोरेटर बघा



पहाटे डेअरीला दूध घालायची घाई आणि बुलेट वीस किका मारूनही लागत नाही. कुणीतरी म्हणतं, "इंजिन गेलं, काम काढा." थांबा. बऱ्याचदा दोष इंजिनात नसतो, कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात असतो. आजची माहिती किकवाल्या, जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या, मिककार्ब कार्बोरेटर असलेल्या बुलेटसाठी आहे.

*असं का होतं?*
थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून सुरू होताना इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. गाडी महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडतं आणि मागे चिकट थर राहतो. त्याने पायलट जेट बुजतो. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. आपल्या उसापासूनही ते बनतं, पण जुन्या सेटिंगवर त्याने मिश्रण थोडं पातळ होतं.

*1) आधी प्लग काढून बघा*
बिस्किटासारखा तपकिरी: ठीक. काळा, काजळीचा: पेट्रोल जास्त. पांढरट: पेट्रोल कमी. ओला: किका मारून पेट्रोल साचलंय. प्लग पुसा, चोक बंद करा. प्लग परत बसवून, चावी बंद ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि डिकॉम्प दाबून पाच-सहा किका मारा.

*2) साफसफाई*
इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक बंद करा. खालची वाटी काढा, गाळ पुसा. पायलट जेट काढून उन्हाकडे धरा. आरपार उजेड दिसला पाहिजे. पंक्चरवाल्याकडची हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं झालं की सेटिंग कधीच बसत नाही. विडी-सिगारेट लांब ठेवा.

*3) सेटिंग*
गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. सेटिंग उघड्यावर करा, बंद शेडमध्ये धूर जीवघेणा असतो.
▪ इंजिन बंद करून एअर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा. आवळू नका. मग दीड फेरा बाहेर काढा.
▪ गाडी चालू करून स्टॉप स्क्रूने रेस थोडी वाढवा.
▪ एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. आत गेला की मिश्रण दाट, बाहेर आला की पातळ. जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालेल तिथे थांबा.
▪ शेवटी स्टॉप स्क्रूने रेस कमी करा.

चोक लावल्याशिवाय गाडी टिकतच नसेल, तर जेट अजून बुजलेला आहे किंवा कार्बोरेटरच्या जोडातून हवा शिरतेय.

*4) किक मारायची पद्धत*
चोक लावा, चावी चालू करा. किक जड लागेपर्यंत हळू दाबा. डिकॉम्प दाबून किक थोडी पुढे न्या. ॲमीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प सोडा, किक वर येऊ द्या आणि मग एक पूर्ण किक मारा. *चोक लावलेला असताना ॲक्सिलरेटर पिळू नका.* पिळला की चोकचा उपयोगच राहत नाही. अर्धवट किक मारली तर ती उलटते आणि पाय मोडू शकतो.

*5) गाडी उभी ठेवायची असेल तर*
दोन-तीन आठवडे वापर नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी होईल. पेट्रोलची रबरी नळी वाकवून बघा. चीर दिसली तर आजच बदला. गळकी गाडी गोठ्यात, कडब्याजवळ लावू नका.

एवढं करूनही लागली नाही तर पॉइंट आणि करंट मिस्त्रीला दाखवा. अडचण असेल तर प्लगचा फोटो याच नंबरवर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी