मोटारीच्या दिव्यांचा मोतीबिंदू

मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दारांत मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. नाशिकसारख्या शहरांत तर एकच गाडी घरांतील तिघेंचौघें वाटून घेतात. सकाळीं सूनबाई ती सातपूरला कामावर नेतात, सायंकाळीं धाकटे दीर नेतात, आणि सुटीच्या दिवशीं सगळें कुटुंब त्र्यंबकेश्वरास नाहीं तर वणीच्या गडावर जातें. इंजिनांतील तेल, चाकांतील हवा, विम्याची तारीख यांकडे कोणाचें ना कोणाचें लक्ष असतें. परंतु गाडी आठदहा वर्षांची झाली म्हणजे तिच्या पुढच्या दोन दिव्यांवर जो पिवळट, धुरकट पडदा चढतो, तो म्हातारपणाची खूण समजून लोक सोडून देतात. केस पिकले तर माणसाचें कांहीं अडत नाहीं हें खरें. पण हें केस पिकणें नव्हे, हा मोतीबिंदू आहे.

ही तुलना केवळ शोभेची नाहीं. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें व आंत येणारा प्रकाश सरळ न जातां चोहोंकडे विखुरतो. म्हणूनच अशा माणसास रात्रीं समोरच्या दिव्याभोंवतीं मोठें तेजोवलय दिसतें. मोटारीच्या दिव्याचें आवरण गढूळ झालें म्हणजे नेमकें तेंच घडतें, फक्त उलट दिशेनें. बल्बाचा प्रकाश रस्त्यावर ठराविक आकारानें पडावा म्हणून दिव्यांतील परावर्तकाची रचना केलेली असते. तो प्रकाश आवरणांतून बाहेर पडतांना फुटतो, पसरतो, वर उधळतो. आपला रस्ता अंधारतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर चढतांना वळणावर समोरून गाडी आली कीं याची प्रचीति येते. तेथें क्षणभर न दिसणें म्हणजे काय, हें नाशिककरांस सांगावयास नको.

पावसाळ्यांत याहून कठीण. आषाढ-श्रावणांत इगतपुरीच्या पुढें कसारा घाटांत धुकें उतरतें. धुक्यांतील पाण्याचे सूक्ष्म थेंब आधींच प्रकाश विखुरीत असतात. त्यांत दिव्याचें आवरणहि धुरकट असलें म्हणजे एक धुकें बाहेरचें आणि दुसरें आपण घरून बरोबर आणलेलें, अशीं दोन धुकीं आड येतात. (२०२५ सालीं समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा भाग खुला झाल्यापासून बोगद्यांतून जाऊन घाट टाळतां येतो, परंतु सर्वांचीच वाट तिकडून नसते.) प्रकाश किती घटतो याचें एक मोजमाप उपलब्ध आहे. ‘अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन’ या मोटारधारकांच्या संस्थेनें २०१८ सालीं जुन्या गाड्यांचे पिवळे पडलेले दिवे तपासले. नव्या दिव्याच्या मानानें त्यांचा प्रकाश अवघा पांचवा हिस्सा भरला! तेच दिवे घासून स्वच्छ केल्यावर तो सुमारें सत्तर टक्क्यांपर्यंत परत आला.

येथें बहुतेक लोक एक सोपा व चुकीचा मार्ग धरतात. उजेड कमी पडतो ना, मग अधिक प्रखर बल्ब बसवा, असा तो मार्ग. एच-४ जातीच्या हॅलोजन बल्बास डिपरवर ५५ व अपरवर ६० वॅट शक्ति लागते. त्याच्या जागीं बाजारांतील डोळे फाडणारा एलईडी बल्ब बसविला, तरी गढूळ आवरणांतून तो अधिक प्रकाश अधिकच विखुरणार. आपणांस थोडें जास्त दिसेल, पण समोरच्यास कांहींच दिसणार नाहीं, आणि अरुंद रस्त्यावर समोरच्यास न दिसणें हें आपल्याच जिवावरचें संकट आहे. तेव्हां बल्बाकडे पाहण्याआधीं आवरणाकडे पाहावें.

हें आवरण कांचेचें नसतें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जुन्या अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांचे दिवे कांचेचे होते. गोटा लागला तर फुटत, परंतु पिवळे कधीं पडत नसत. आजचें आवरण पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लॅस्टिकचें असतें. १९५३ सालीं जर्मनींत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनीं व अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें याचा शोध लावला. वजनानें कांचेच्या निम्मे, आघातास कांचेहून कितीतरी पट चिवट, आणि हव्या त्या आकारांत ओततां येण्याजोगें, असें हें द्रव्य आहे. अमेरिकेंत १९८३ सालीं नियम बदलल्यावर १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन गाडीपासून तिकडे असे दिवे आले व पुढें जगभर पसरले.

या गुणी द्रव्यांत एक मोठा दोष आहे: त्यास ऊन सोसत नाहीं. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण, ज्यांस जुन्या पुस्तकांतून जंबुपार म्हणत, ते या प्लॅस्टिकचे रेणू तोडतात. हवेंतील प्राणवायु त्या तुटलेल्या जागीं जाऊन बसतो. पृष्ठभाग पिवळा व ठिसूळ होऊन त्यास डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडतात. म्हणून कारखान्यांतच या आवरणावर किरण शोषून घेणारा एक अतिशय पातळ, कठीण लेप दिलेला असतो. कांहीं वर्षें ऊन, धूळ व पुसण्याचीं फडकीं सोसून हा लेप झिजला कीं खालील प्लॅस्टिक उघडें पडतें आणि मग पिवळेपणा झपाट्यानें वाढतो.

या एका गोष्टीवर सर्व उपाय अवलंबून आहे. ज्यांनीं लहानपणीं कंदिलाच्या कांचा राखेनें पुसल्या असतील, त्यांस वाटतें कीं काजळी पुसली कीं काम झालें. कंदिलाची काजळी कांचेवर बसलेली असते व तिच्याखालीं कांच निर्दोष असते. मोटारीच्या दिव्यावरील धुरकटपणा हा वर बसलेला मळ नव्हे. तें त्या द्रव्याचेंच बिघडलेलें अंग आहे. तो घासून काढल्यावर दिवा लखलखतो, परंतु त्या लखलखीत दिव्यास कातडी नसते. तिच्या जागीं नवें कवच दिलें नाहीं, तर कांहीं महिन्यांतच दिवा पहिल्यापेक्षांहि वाईट होतो.

टूथपेस्ट, खाण्याचा सोडा व व्हिनेगर असे जे उपाय हल्लीं मोबाईलवरील चित्रफितींतून घरोघर पोंचले आहेत, त्यांची किंमत यावरून करावी. टूथपेस्टमध्यें बारीक खरवड असते, तीमुळें वरचा पिवळेपणा थोडा निघतो. दोनतीन आठवडे समाधान मिळतें, इतकेंच. तेलकट फवाऱ्यानें भेगा तात्पुरत्या भरतात व पहिल्या पावसांत फसवणूक उघडी पडते. डांस पळविण्याचें औषध चोळणें हा तर निव्वळ अघोरी प्रकार आहे, कारण त्यांतील रसायन प्लॅस्टिकच मऊ करून विरघळवितें. पेट्रोल, थिनर व नखांचा रंग काढावयाचें ॲसिटोन यांचेंहि तसेंच. त्यांनीं आवरणास आंतून जाळीदार तडे जातात.

हात घालण्यापूर्वीं एक लहानशी परीक्षा करावी. दिवा साबणाच्या पाण्यानें धुवावा आणि ओला असतांनाच पाहावा. ओला असतां तो बराचसा स्वच्छ दिसला व वाळतांच पुन्हां धुरकट झाला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे असें समजावें. पाण्यानें भेगा भरल्यामुळें प्रकाश विखुरावयाचा थांबला, एवढाच त्याचा अर्थ. ओला असूनहि तो तसाच गढूळ राहिला, तर बिघाड आंत आहे. आंत ओल शिरली असेल, परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, किंवा तडे खोल गेले असतील. तेथें बाहेरून कितीहि घासलें तरी उपयोग नाहीं. नवा दिवा घेणेंच बरें.

दोष बाहेरचा असेल तर काम घरचें आहे. साहित्य म्हणजे हार्डवेअरच्या दुकानांतील वॉटर पेपर ८००, १५००, २००० व ३००० नंबरचे, एक चिकट मास्किंग टेप, बादलीभर पाणी, स्वच्छ सुती फडकीं, आणि दिव्यांसाठीं म्हणून मिळणारा अतिनील किरणांस रोखणारा पारदर्शक लेप. दिव्याभोंवतींच्या पत्र्यावर टेपचे दोन थर लावावे, नाहीं तर दिव्याबरोबर गाडीचा रंगहि निघेल. ८०० नंबरचा कागद पाण्यांत भिजवून आडव्या दिशेनें, फार जोर न देतां, पाणी शिंपीत घासावें. प्रारंभीं पिवळसर पाणी ओघळतें. तो जुना लेप व सडलेला थर होय. तें पाणी दुधासारखें पांढरें येऊं लागलें व कोठेंहि पिवळा डाग उरला नाहीं, म्हणजे पहिली पायरी झाली. या पायरीस घाई करणारा पुढें पस्तावतो. राहिलेला पिवळेपणा पुढच्या बारीक कागदांनीं निघत नाहीं, फक्त गुळगुळीत होतो.

मग १५०० नंबरचा कागद उभ्या दिशेनें. दिशा बदलण्याचें कारण असें कीं आधींच्या आडव्या ओरखड्यांपैकीं एकहि उरला असेल तर तो लगेच दिसतो. त्यानंतर पुन्हां आडवा २०००, आणि शेवटीं ३०००. नाशिकच्या तांबट मंडळींस हा क्रम शिकवावा लागत नाहीं. जाडीकडून बारीकीकडे, आणि मागच्या पायरीच्या खुणा पुसल्याशिवाय पुढची नाहीं, हा भांडें उजळण्याचाच नियम आहे. प्रत्येक दिव्यास अर्धा-पाऊण तास धरावा. मुलांस हें काम फार आवडतें व त्यांनीं तें खुशाल करावें. इतकें करूनहि दिवा वाळल्यावर दुधाळ दिसतो, तेव्हां घाबरूं नये. लेप बसला कीं तो उघडतो.

लेप हाच या कामाचा प्राण. दिवा पूर्ण वाळवून आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावा व नंतर त्यास बोट लावूं नये. फडक्यानें पुसून लावण्याचे लेप सोपे असतात. फवाऱ्याचे दोन घटकांचे, हार्डनर मिसळून वापरावयाचे लेप अधिक टिकतात, परंतु त्या हार्डनरांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात व तीं फुप्फुसांस अपायकारक आहेत. हें काम उघड्यावर, योग्य गाळणीचा मुखवटा व हातमोजे घालून मोठ्या माणसानेंच करावें. साधें फडकें तोंडास बांधून भागत नाहीं. दम्याचा विकार असलेल्यानें जवळ थांबूंच नये, आणि मुलांस त्या वेळीं आंत पाठवावें. एक जाड थर देण्यापेक्षां दोन पातळ थर द्यावे. भर पावसाळा व वैशाखांतील दुपार हे दोन्ही काळ वर्ज्य. पहिल्यांत लेप दमट हवेनें पांढरा पडतो, दुसऱ्यांत तापलेल्या प्लॅस्टिकवर तो पसरण्याआधींच सुकतो. आश्विनापासून फाल्गुनापर्यंतची सकाळ सर्वांत चांगली.

काम साधलें कीं नाहीं हें दिवसा दिव्याकडे पाहून ठरवूं नये. अंधार पडल्यावर गाडी सातआठ मीटरांवर भिंतीसमोर उभी करून डिपर लावावा. प्रकाशाची वरची कड रेषेसारखी स्पष्ट व डाव्या बाजूस किंचित् चढलेली दिसली, तर दिवा सुधारला. ती कड अजून फिसकटलेली असेल तर एखादी पायरी कच्ची राहिली आहे. शक्य तर काम सुरूं करण्याच्या आदल्या रात्रींच त्या भिंतीचें एक छायाचित्र काढून ठेवावें.

असें घासणें वरचेवर करूं नये, कारण प्रत्येक वेळीं आवरण थोडें पातळ होतें. त्यापेक्षां गाडी उभी करण्याची दिशा बदलावी. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. तेव्हां उघड्यावर गाडी ठेवणारांनीं तिचें तोंड उत्तरेकडे किंवा भिंतीकडे करावें. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करतांना गाडी तपासणीस न्यावी लागते व तेथें दिवेहि पाहतात. त्या दिवसाच्या आदल्या रात्रीं टूथपेस्ट शोधीत बसण्यापेक्षां हें काम आधींच उरकलेलें बरें. दसऱ्यास गाडीची पूजा करावयाची असेल तर निदान आठ दिवस आधीं लेप द्यावा, म्हणजे तो मुरतो. पूजेच्या दिवशीं हळदकुंकू बॉनेटवर वाहावें आणि झेंडूची ओली माळ दिव्यांवरून न सोडतां वरच बांधावी.