महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर

परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कोणती शाखा घ्यावी, कोणते महाविद्यालय बरे, गेल्या वर्षी प्रवेश किती टक्क्यांवर थांबला होता! या चर्चेत आजोबांपासून आतेभावापर्यंत सारे भाग घेतात. अर्ज भरले जातात, शुल्क भरले जाते आणि तयारी पूर्ण झाली असे सर्वांस वाटते. वस्तुतः ही तयारी प्रवेशाची झाली, महाविद्यालयाची नव्हे. ज्यास तेथे जावयाचे, त्याची स्वतःची तयारी कितपत झाली आहे, हे बहुधा कोणी विचारीतच नाही. अनेक वर्षे अध्यापनात घालविल्यावर आमचे असे ठाम मत झाले आहे की, शाळेत चमकलेला विद्यार्थी पुढे पहिल्याच वर्षी अडखळतो, तो बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचित; आजवर दुसऱ्यांनी चालविलेला आपला दिवस स्वतः चालविण्याची सवय नसते, म्हणून तो अडखळतो. येथे विद्यार्थी म्हणताना विद्यार्थिनीही आमच्या मनात आहेत, हे सांगणे नकोच.

विद्यार्जनाविषयी एक जुने संस्कृत सुभाषित आहे. त्याचा आशय असा की, विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांपासून मिळतो, दुसरा स्वतःच्या बुद्धीने, तिसरा सहाध्यायांपासून आणि चौथा कालांतराने. शाळेत पहिल्या चतुर्थांशाचेच राज्य असते. घंटा वाजते, गुरुजी येतात, फळ्यावर लिहितात, वही तपासतात. घरी आई अभ्यासास बसविते, संध्याकाळी शिकवणी असते. महाविद्यालयात गेल्यावर तो पहिला चतुर्थांश उरतो खरा, पण उरलेल्या तिहींचा भार एकदम विद्यार्थ्याच्या शिरावर पडतो. आणि त्याची पूर्वसूचना त्यास कोणी दिलेली नसते.

अकरावी-बारावीचे वर्ग महाविद्यालयाच्या इमारतीत भरले, तरी त्यांचा कारभार पुष्कळसा शाळेसारखाच असतो. खरा पालट होतो तो पदवीच्या पहिल्या वर्षी. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस किमान १६० श्रेयांक, म्हणजे ज्यास मुले क्रेडिट म्हणतात ते, ठरविले आहेत. एका श्रेयांकास साधारणपणे १५ तासांची व्याख्याने, असा हिशेब आहे. वर्षास ४० श्रेयांक धरले, तर सत्रास २० होतात आणि आठवड्यास सुमारे २० तास वर्गात जातात. प्रात्यक्षिके धरून २५ म्हणू. आता आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोपेचे म्हणजे ५६. स्नान, भोजन, प्रवास यांस रोज चार तास म्हणजे २८. हे सारे वजा जाता ५९ तास शिल्लक राहतात. म्हणजे दिवसास आठ तासांहून अधिक वेळ असा की, ज्यासाठी कोणतीही घंटा वाजत नाही! विद्यार्थ्याचे भवितव्य वर्गातील २५ तासांपेक्षा या ५९ तासांतच अधिक ठरते.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमची पहिली सूचना अशी की, महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच्या सुट्टीत आपले वेळापत्रक आपण आखून ते निदान एक महिना पाळून पाहावे. कोणी उठविल्याशिवाय उठावे, कोणी सांगितल्याशिवाय बसावे. आठवड्याच्या शेवटी किती पाळले व किती मोडले, हे वहीत लिहावे. मोबाइलवर गेलेला वेळही त्याच वहीत नोंदवावा. तो आकडा पाहून जे वाटेल, ते आमच्या दहा उपदेशांहून अधिक उपयोगी पडेल.

दुसरा चतुर्थांश स्वबुद्धीचा. शाळेत एका विषयास एक पुस्तक असते आणि त्यातील स्वाध्याय सोडविले की काम भागते. महाविद्यालयात प्राध्यापक एका विषयास चार ग्रंथ सांगतात आणि चारांत चार मते निघतात. तेथे कोणते पाठ करावे, असा प्रश्न पडून मुले बाजारातील तयार टिपणांकडे धावतात. ही धाव वेळीच आवरावी. व्याख्यानास जाण्यापूर्वी तो भाग एकदा नजरेखालून घालावा आणि त्याच दिवशी रात्री, वही मिटून, काय ऐकले ते आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहावे. जे लिहिता येत नाही, ते समजलेले नाही. त्याचा प्रश्न करून दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांस विचारावा. प्रामाणिक जिज्ञासेचा राग येणारा शिक्षक विरळा. आम्हांस तर असा प्रश्न आला की तो सारा दिवस बरा जात असे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांस येथे आणखी एक अडचण येते. कालपर्यंत जो वर्गात पहिला होता, तो इंग्रजी व्याख्यानापुढे एकाएकी मुका होतो आणि आपणांस काहीच येत नाही, असे मानू लागतो. हा भ्रम आहे. त्यास विषय येत असतो, केवळ शब्द नवे असतात. अशा विद्यार्थ्याने प्रत्येक विषयाची एक शब्दवही करावी. डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे तिचा मराठी अर्थ, खाली एक उदाहरण. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला. आज तो कोश घरबसल्या संगणकावर वाचता येतो. आधी त्यातील नोंद वाचून मग इंग्रजी ग्रंथ उघडला, तर अर्धे ओझे उतरते. एक-दोन सत्रांत हा अडसर दूर होतो. मात्र तेवढ्या काळात मातृभाषेची लाज धरू नये. लाज धरणाऱ्यास दोन्ही भाषा दुरावतात.

तिसरा चतुर्थांश सहाध्यायांचा. याविषयी वडील मंडळींच्या मनात धास्तीच फार असते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु याची दुसरी बाजू पाहा. १८७९ साली बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकत्र होते. शिक्षणाविषयी दोघांचे जे तासन्‌तास वाद झाले, त्यांतून एक संकल्प निघाला. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल उघडले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. पुढे त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले, हे खरे. तथापि त्या सहाध्यायाचे फळ महाराष्ट्रास मिळाले ते मिळालेच. यावरून मित्राची एक कसोटी ठरविता येते. ज्याच्याजवळून उठताना आपल्या मनात एखादा नवा विचार असतो, तो मित्र. ज्याच्याजवळून उठताना केवळ खिसा हलका झालेला असतो, तो सोबती.

वसतिगृहात मस्करीच्या नावाखाली कोणी छळ करू लागल्यास तो मुकाट्याने सोसणे म्हणजे मोठेपणा नव्हे. महाराष्ट्रात १९९९ सालच्या कायद्याने रॅगिंग हा गुन्हा ठरला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ सालचे नियमही कडक आहेत. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. हा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.

चौथा चतुर्थांश काळाचा, आणि आजच्या घाईच्या दिवसांत तोच सर्वांत दुर्लक्षित. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले, एखादा विषय राहिला, म्हणजे सारे संपले असे मुलांस वाटते. टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामाने शरीर कमावण्यातच अधिक घालविले होते. वर्ष गमवावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तेच टिळक १८७६ साली पहिल्या वर्गात बी. ए. झाले, हेही विसरू नये. एका सत्राचा निकाल हा आयुष्याचा निकाल नव्हे. खानावळीचे अन्न, जागरणे आणि व्यायामाचा अभाव यांनी शरीर खंगले की मनही खचते. म्हणून रोजचे चालणे व वेळेवर झोप यांस अभ्यासाइतकेच मोल द्यावे.

आता दोन शब्द घरच्या मंडळींस. पुत्र सोळा वर्षांचा झाला की त्यास मित्राप्रमाणे वागवावे, असे आपले पूर्वज सांगून गेले आहेत. आपण मात्र एकत्र कुटुंबात त्याचे कपडे धुतो, ताट वाढून देतो, त्याचा अर्जही काकाच भरतो. आणि एका सकाळी त्यास परगावी सोडून, आता जबाबदारीने वाग, असे बजावतो! स्वातंत्र्य हे औषधाप्रमाणे मात्रेमात्रेने द्यावयाचे असते. दहावीनंतर त्याच्या नावे बँकेत खाते उघडून महिन्याचा खर्च त्याच्या हाती द्यावा व हिशेब त्याच्याकडूनच लिहवून घ्यावा. वरणभाताचा कुकर, कपडे धुणे, गाडीचे आरक्षण, ताप आला असता वैद्याकडे एकट्याने जाणे, इतके तरी मुलास आणि मुलीस सारखेच यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, अपयश सांगता येईल असे आपले घर असावे. नापास झाल्याचे वर्तमान मुलगा आधी मित्रांस सांगतो, मग लपवितो आणि शेवटी एकटाच कुढत बसतो. कित्येक घरांवर यातूनच घाला आला आहे. मूल परगावी निघण्याच्या आदल्या रात्री वडिलांनी त्यास जवळ बसवून स्पष्ट सांगावे, ‘वाईट बातमी आधी आम्हांस सांग, रागे भरणार नाही.’ आणि तशी बातमी आलीच, तर हा शब्द पाळावा. मन फारच उदास असल्यास शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

जून महिन्यात मुलांच्या पेट्या भरल्या जातील. लाडू, चिवडा, नवी चादर हे सारे आठवणीने भराच. पण त्यापूर्वी सुट्टीचे जे दिवस हाती आहेत, त्यांत त्यास आपला दिवस आपण चालवू द्या. तो चुकला तरी मध्ये पडू नका. घरात झालेल्या चुकीस हात द्यावयास माणसे जवळ असतात. तीच चूक परगावी पुष्कळ महाग पडते.