डर्बीशायरची पायवाट, जामसांवलीची पांदण

उन्हाळा जवळ आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो : "या शनिवारी मुलांना कुठे न्यायचं?" उत्तरंही ठरलेली असतात. डोव्हडेलला नदीतले दगड ओलांडायला जा, फार्मवर स्ट्रॉबेरी तोडायला जा, मॅटलॉकला जुन्या रेल्वेत बसा. आम्हीही कित्येक वर्षं हेच करतोय. पीक डिस्ट्रिक्ट 1951 साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आमच्या घरापासून ते तासाभरावर आहे. डबा, पाण्याच्या बाटल्या, रेनकोट घेतले की निघालो.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका सहलीत माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या पायाला नेटल लागलं. मी पिशवीत मलम शोधत होतो, तोवर तिने शेजारचं डॉकचं पान तोडून पायावर चोळलंसुद्धा. शाळेत शिकवलं होतं म्हणे. मला कौतुक वाटलं. संध्याकाळी आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, "सांग ना आजोबांना, काय झालं ते." ती म्हणाली, "आजोबा, मला... बाबा, हाऊ डू आय से नेटल?" मलाही सांगता येईना. नेटल, डॉक, हेज, स्टाइल, यातल्या एकाही गोष्टीसाठी माझ्याकडे चटकन मराठी शब्द नव्हता. तिने खांदे उडवले आणि फोन आईकडे दिला.

त्या रात्री लक्षात आलं की आमच्या मुलांची मराठी स्वयंपाकघरातली आहे. पोळी, वरण, हात धू, झोप आता. घराचं दार ओलांडलं की इंग्रजी सुरू होतं. दर रविवारी आजोबांशी होणारं बोलणंही चार वाक्यांत संपतं : जेवलीस का, हो, शाळा कशी आहे, छान. माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. आम्ही दोन वर्षांतून एकदा भारतात जातो. पुढचा हिशेब करायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

म्हणून यंदा ईस्टरच्या सुट्टीत गोवा, जयपूर असं काही न ठरवता थेट सौंसरला गेलो.

सौंसर म्हणजे माझं गाव. नागपूरहून सावनेरमार्गे निघालं की साधारण 70 किलोमीटर. मध्ये महाराष्ट्राची हद्द संपते, पाट्या हिंदी होतात, पण संत्र्याच्या बागा आणि चहाच्या टपरीवरची भाषा तीच राहते. 1956 पूर्वी नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे आमचं गाव आणि नागपूर एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या त्याच्या तहसिली. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, मराठी घरात आणि शेतात शिकलो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कशी टिकवायची, हा प्रश्न आमच्या घराला इंग्लंडमध्ये आल्यावर पडलेला नाही. तो आधीपासूनच होता.

बाबांना म्हटलं, "एक दिवस मुलांना तुम्ही फिरवा. मी काही बोलणार नाही." ते म्हणाले, "मग पाच वाजता उठा लागते."

पहाटे साडेपाचला आम्ही जामसांवलीजवळच्या काकांच्या शेताकडे निघालो. गाडी रस्त्यावर ठेवून दोन शेतांच्या मधल्या मातीच्या वाटेने चालत. लेकीने इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "पिवळा बाण कुठे आहे?" डर्बीशायरमध्ये खाजगी शेतातून जाणाऱ्या पायवाटेवर पिवळ्या बाणाची खूण असते. ती दिसली की बिनधास्त चालायचं, शेत कुणाचंही असो. मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अवं बाई, ही पांदण आहे. इथून बंडी जाते, ढोरं जातात, माणसं जातात. गावाच्या नकाशावर आहे ती. तिला बाण कायले पाहिजे?" मग तिने पांदण म्हणजे काय, बंडी म्हणजे काय, दोन्ही विचारून घेतलं. पुढे धुरा आला. पुण्यामुंबईकडे ज्याला बांध म्हणतात तो आमच्याकडे धुरा. त्यावरून तोल सांभाळत चालण्यात धाकट्याची दहा मिनिटं मजेत गेली.

धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये रात्री आणि पहाटे गळतात, म्हणून ती उजाडतानाच वेचायची असतात. खाली जमीन झाडून स्वच्छ केलेली होती आणि एक बाई दोन मुलींना घेऊन टोपल्यात फुलं गोळा करत होत्या. माझी मुलं धावलीच. हेजमधल्या ब्लॅकबेरी तोडायची सवय. दिसलं की तोंडात. बाबांनी दोघांना थांबवलं. "आधी मावशीले विचार." लेकीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "मावशी, मी घेऊ?" बाई हसल्या आणि तिच्या ओंजळीत मूठभर फुलं टाकली. बाबांनी नंतर समजावून सांगितलं की ही फुलं वाळवून विकली जातात, त्यांच्या घरात त्यातून पैसा येतो. आपली गंमत आणि त्यांची मजुरी एकाच झाडाखाली असते. मग मुलांनी अर्धा तास त्यांच्या टोपल्यात फुलं वेचून दिली. एकही खाल्लं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

ऊन चढायच्या आत जामसांवलीला दर्शन झालं. इथला हनुमान उभा नाही, पिंपळाखाली आडवा झोपलेला आहे. मूर्ती पूर्वी उभी होती, चोर खाली पुरलेलं धन काढायला आले तेव्हा ती आडवी झाली, असं लोक सांगतात. धाकट्याने हळूच विचारलं, "इज ही टायर्ड?" आजोबा म्हणाले, "लंकेहून आला ना बाबू, झोपू दे." हा विनोद त्याला इतका आवडला की दिवसभर तो "झोपू दे, झोपू दे" म्हणत होता. माझ्या लहानपणी देऊळ छोटं होतं, आम्ही शनिवारी यायचो. आता 2023 पासून इथे हनुमान लोकचं मोठं काम सुरू झालं आहे. मनाचे आजार घेऊन लोक इथे येऊन राहतात. कुणी ओरडताना, घुमताना दिसू शकतं. मुलांना हे आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाहीत. लेकीने विचारलं, "डॉक्टर नाहीत का?" आजोबा म्हणाले, "डॉक्टरकडेही न्यायलाच पाहिजे." मला ते उत्तर पटलं.

दहाच्या आत पुन्हा शेतात. आंब्याखाली काकूंनी रोडग्यांची तयारी केली होती. विदर्भात देवाचा स्वयंपाक म्हटला की रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. कणकेच्या वाट्या करून, तेल लावून, एकात एक बसवून गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. "गोवरी कशाची असते?" हे कळल्यावर दोघांनीही नाक मुरडलं. तासाभराने राख झटकून, फोडून, वर तूप सोडलेला रोडगा समोर आला तेव्हा नाक जागेवर आलं होतं. लेकीने केलेला रोडगा वाकडा होता. तो आजोबांनी खाल्ला.

दुपारी बाहेर चाळीसच्या पुढे ऊन. सगळे झाडाखाली आडवे झाले. बाबा मुलांना बागेतली गोटीएवढी संत्री दाखवत होते : ही आंबिया बहराची, जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली, दिवाळीनंतर तोडायची. उन्हाने त्यातली बरीच गळतात. मी डोळे मिटून पडलो होतो. मध्ये मी बोलत नव्हतो आणि तरीही त्या तिघांचं बोलणं चाललं होतं. वाक्यं अर्धी इंग्रजी, अर्धी वऱ्हाडी. त्यांना एकमेकांशी बोलायला शब्द कमी पडत होते असं मी समजत होतो. खरं तर बोलण्यासारखं समोर काही नव्हतं.

तुम्ही विदर्भाकडे जाणार असाल तर एवढं करा. एप्रिलमध्येच जा, मेचं ऊन इकडच्या मुलांना झेपत नाही. पहाटे निघा, अकरानंतर सावली सोडू नका, पन्हं आणि पाणी भरपूर ठेवा, डोक्याला दुपट्टा बांधा. आमची सौंसरवरून जाणारी छोटी रेल्वे 2015 मध्ये बंद झाली आणि तिथे ब्रॉडगेज आली. ती छोटी इंजिनं बघायची असतील तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, दिवसाचा कार्यक्रम आजी-आजोबांना आखू द्या. तुम्ही मागे चाला.

परत आल्यावर सगळं बदललं असं नाही. धाकटा अजून इंग्रजीतच उत्तरं देतो. पण मागच्या रविवारी लेक फोन घेऊन बागेच्या कुंपणाशी गेली आणि आजोबांना नेटल दाखवलं. ते म्हणाले, "ही तं आपल्या खाजकुइलीची बहीण दिसते." मग तिने डॉकचं पान दाखवलं आणि विचारलं, याला काय म्हणायचं? त्यांनाही माहीत नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, "खाज उतरवते ना? मग उतारपान म्हण."

आता आमच्या घरी ते उतारपान आहे. कॉल बावीस मिनिटं चालला.