बर्फातला चष्मेवाला

केदार-बद्रीची यात्रा आपल्याकडील जुन्या घराण्यांना नवी नाही. आता तिच्या जोडीला गुलमर्ग आणि रोहतांगही आले आहेत, आणि नातवंडांबरोबर आजी-आजोबाही बर्फ पाहावयास निघतात. स्वेटर, कानटोपी, मफलर, सुंठीच्या वड्या, सारे आठवणीने बांधले जाते. विसर पडतो तो डोळ्यांचा. त्यातून ज्याच्या नाकावर आधीच नंबराचा चष्मा आहे, त्याची पंचाईत दुहेरी. चष्म्यावर चष्मा चढवावा तरी कसा?

बर्फावरचे ऊन आपल्या ओळखीचे ऊन नव्हे. ताजा बर्फ अंगावर पडलेले सुमारे ८० टक्के अतिनील किरण परत फेकतो, आणि दर हजार मीटर चढणीला हे किरण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे ऊन वरून येते तसे खालूनही येते. टोपीची झालर तेथे काय करणार? शिवाय हा शत्रू कपटी आहे. दुपारी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, दिवा सोसवत नाही. यालाच हिमांधत्व म्हणतात. बहुधा एकदोन दिवसांत ते ओसरते. पण ते दिवस डोंगरात काढावयाचे असतात!

गॉगल जवळ असणे पुरेसे नाही, हे एव्हरेस्टनेच शिकविले आहे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोहोचला. खडकावर पाऊल कोठे टाकावे हे गॉगलच्या कडेमुळे नीट दिसेना, म्हणून त्याने तो काढला. त्याच रात्री त्याची दृष्टी गेली. दोन दिवसांनी मॅलरी आणि आयर्विन अखेरच्या चढाईस निघाले, तेव्हा नॉर्टन तंबूत आंधळा होऊन पडला होता. पुढे त्याचे डोळे बरे झाले. बोध इतकाच, की काढावासा वाटणारा गॉगल हा नसल्यासारखाच.

चष्मेवाल्याला तर तो पदोपदी काढावासा वाटतो. म्हणूनच चष्म्यावरून घालावयाचे खास गॉगल निघाले आहेत. दुकानात त्यांना ‘ओटीजी’ म्हणतात. त्यांची चौकट अधिक खोल असते आणि कडेच्या स्पंजात चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा असतात. घ्यावयास जाताना आपला नेहमीचा चष्मा व कानटोपी घालूनच जावे. गॉगल चढवून दहा मिनिटे दुकानात हिंडावे. काड्या कानशिलात रुतत नाहीत ना, नाक दबत नाही ना, आतल्या काचेला चष्मा घासत नाही ना, हे पाहावे. मग मान लववून स्वतःची पावले दिसतात का, तेही पाहावे. दुभिंगी चष्मा असेल तर वाचनाच्या भागातून पायरी धूसर दिसते; चालण्यासाठी निव्वळ लांबच्या नंबराचा चष्मा बरा, आणि तोही लहान चौकटीचा.

दुसरी अडचण वाफेची. गॉगलची दुहेरी काच स्वच्छ राहिली तरी आतला चष्मा धूसर होतो. यासाठी वर-खाली हवेची छिद्रे असलेला गॉगल घ्यावा, आणि ती टोपीने झाकू नयेत. नाकावरून घट्ट गुंडाळलेला मफलर श्वास सरळ वर पाठवितो. गॉगल कपाळावर सरकवू नये; घामाची वाफ आत शिरते. आतली बाजू कापडाने खसाखसा पुसू नये, वाफरोधक लेप निघून जातो.

काचेच्या काळेपणावर भुलू नये. अतिनील किरण पूर्ण अडविल्याची खूण पाहावी. लखलखीत उन्हाला तिसरा वर्ग योग्य. चौथा फार उंचावरच्या हिमनद्यांसाठी असतो आणि तो घालून मोटार हाकू नये. आभाळ भरून आले तरी गॉगल उतरवू नये. पातळ ढगातून हे किरण आरपार येतात. ज्यांचे वारंवार जाणे होते त्यांनी गॉगलच्या आत बसणारी नंबराची भिंगे करून घ्यावीत.

इतके करूनही डोळे खुपू लागलेच, तर ते चोळू नयेत. अंधाऱ्या खोलीत विसावा घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे. हिमालय डोळे भरून पाहावयाचा, तर आधी डोळे झाकावयास शिकले पाहिजे.