दर्यावर्दी, एचआयव्ही आणि वेळेचे गणित

एचआयव्ही कसा पसरतो याचे ज्ञान, त्याविषयीचा दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष वर्तन या तिन्ही गोष्टींचा मेळ बसतोच असे नाही, आणि ही तफावत दर्यावर्दींच्या बाबतीत विशेष घातक ठरते. मालवण-वेंगुर्ल्याहून बोटीवर जाणारा खलाशी असो किंवा आंबोली घाटातून बेळगावकडे मासळी नेणारा ट्रकचालक असो, घरापासून दूर राहणे हा दोघांच्याही कामाचा भाग असतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना ‘सेतू गट’ म्हटले जाते, कारण अधिक जोखमीच्या गटांतून संसर्ग सामान्य कुटुंबांत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्यामार्फत खुला होऊ शकतो. तथापि धोका व्यवसायात नसून कंडोमविना केलेल्या संबंधांत असतो, हे विसरता कामा नये.

समुद्रावर खरी अडचण वेळेची असते. संभाव्य संसर्गानंतर ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू करून त्या २८ दिवस घेतल्यास लागण टळण्याची शक्यता बरीच वाढते, परंतु बंदर सोडलेल्या जहाजावरील माणसाला तेवढ्या वेळात डॉक्टर गाठणे अनेकदा अशक्य असते. शिवाय विषाणू शरीरात शिरल्यावर चाचणीत तो दिसू लागेपर्यंतचा काळ, म्हणजे विंडो पीरियड, नेहमीच्या चाचण्यांत तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. त्यामुळे घरी परतताच केलेली चाचणी निर्दोष आली तरी तेवढ्यावर निर्धास्त होणे चूक आहे.

उपचारांचे महत्त्व केवळ रुग्णापुरते नाही. पुण्यासह नऊ देशांतील केंद्रांवर झालेल्या ‘एचपीटीएन ०५२’ या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले की लवकर सुरू केलेल्या औषधांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, आणि पुढील संशोधनानुसार रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याइतकेही उरले नाही तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही.

तरीही चाचणी टाळली जाते, कारण अहवाल कंपनीला कळला तर पुढचे कॉन्ट्रॅक्ट जाईल ही भीती ज्ञानावर मात करते. वस्तुतः १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई केली असून संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. हा कायदा माहीत नसलेल्या खलाशाला केवळ कंडोमचे महत्त्व पटवणारे प्रबोधन अपुरे आहे. शासकीय चाचणी केंद्रांत समुपदेशन व तपासणी विनामूल्य होते, आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे.